शेवटच्या बांधावरची भाकरी

एकदा एक शब्द घेऊन एक तरुण शिष्य नदीच्या काठाकाठाने वर चढत आला. लोक धान्य घेऊन येतात, गाऱ्हाणे घेऊन येतात. हा शब्द घेऊन आला. बारा वर्षे पाठशाळेत घासून त्याने कोश तोंडपाठ केले होते. त्याचे आचार्य शब्दांचा एक मोठा संग्रह रचत होते आणि प्रत्येक शिष्याला त्यांनी काही शब्द वाटून दिले होते. याच्या वाट्याला आला ‘सिंचन’. त्याने एका बैठकीत लिहून टाकले: मूळ धातू सिच्, अर्थ ओतणे, शिंपडणे, अंगणात सडा शिंपतो ते ‘शिंपणे’ याच गोतातले. आचार्यांनी पान वाचले आणि परत दिले.

“कुळी बरोबर सांगितलीस,” ते म्हणाले. “पण नवऱ्या मुलाची कुळी कळली म्हणजे नवरा मुलगा कळला, असं होत नाही. ज्याच्या हातून हा शब्द रोज घडतो त्याच्याकडे जा.”

म्हणून तो आला होता. मनातून रागावूनच. धातू पाठ असणाऱ्याला चिखलात पाठवतात, हा काय न्याय?

ती नदी काही मोठी नव्हती. पावसाळ्यात अंगात आल्यासारखी करायची आणि संक्रांत ओलांडली की दोऱ्याएवढी व्हायची. पण जुन्या माणसांनी तिच्यावर एक दगडी बंधारा घातला होता, त्याच्या कुशीतून एक पाट काढला होता, आणि त्या दीड कोसाच्या पाटावर एकवीस शेते गहू पिकवीत होती. पाट सांभाळायला गावाने पाटकरी नेमलेला असे. त्याच्या नावावर बोटभर जमीन असू नये, ही तिथली पहिली रीत. दुसरी रीत अशी की, आपल्या शेताचे दार आपण मोडायचे नाही. दार म्हणजे काय, तर पाटाच्या काठचा मातीचा थोपा. तो फोडला की पाणी शेतात शिरते. ते फोडण्याचे फावडे फक्त पाटकऱ्याच्या हाती. मालकाने बांधावर उभे राहून बघावे, फार तर देवाचे नाव घ्यावे.

त्या वेळचा पाटकरी म्हातारा होता. सारे त्याला आबा म्हणत. शिष्य पोचला तेव्हा आबा दगडावर फावड्याला धार लावीत बसले होते.

“आबा, सिंचन म्हणजे काय?”

“तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे. धातू सिच्, अर्थ...”

“ठाऊक आहे तर मला कशाला विचारतोस, पंडिता?” आबांनी धार अंगठ्याने चाचपली. “परवा बारे आहे. पायाला चालायची सवय आहे ना?”

पाण्याच्या पाळीला तिथे बारे म्हणत. एक बारे तीन दिवस चाले.

परवाच्या सकाळी आबांनी बंधाऱ्याचे दार उघडले. कोरड्या पाटात पाणी शिरले, पुढे काडीकचरा ढकलीत, सापासारखे हुंगत हुंगत निघाले. त्या पुढच्या टोकाला आबा ‘पाण्याचे तोंड’ म्हणत. ते तोंड ज्या चालीने सरके, त्याच चालीने आबा काठावरून चालू लागले. तोंड थांबले की थांबत. खेकड्याचे बीळ लागले की चिखलाने बुजवीत. आणि दोन्ही बाजूंना तहानलेली शेते असताना एकही दार मोडत नव्हते.

पहिले शेत उखाजी पाटलाचे. पाटील बांधावर कमरेला हात लावून उभा होता.

“आबा, माझा गहू जीभ काढून उभा आहे, आणि तुम्ही पाणी मिरवत निघालात! वरात आहे का?”

“वरातच आहे, पाटील. नवरी शेवटच्या घरची आहे.”

“बरं, निदान ताक तरी घ्या.”

“परतताना.”

“तुम्ही परतेपर्यंत त्याचं दही होईल उलटं!”

आबा हसले, थांबले नाहीत. शिष्याने मात्र ताक घेतले. तो थोडाच पाटकरी होता! पुढे प्रत्येक बांधावर तेच. कुणी गूळ पुढे केला, कुणी तांब्या. आबांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. ऊन चढले, म्हाताऱ्याचे ओठ सुकले, चाल मंदावली. पण तोंडाच्या बरोबरीने ते चालतच राहिले.

दुपार कलताना पाणी शेवटच्या शेताशी पोचले. ते भिवराबाईचे. भिवराबाई म्हणजे सडपातळ, काटक, तोंडाची तिखट विधवा. घरात ती आणि तिची आंधळी नणंद. तीस वाफे गहू, हेच त्यांचे वर्षाचे पोट.

“आलात? मला वाटलं, वाटेत कुणी जेवू घातलं,” ती म्हणाली.

“तुझ्या भाकरीवर डोळा होता,” आबा म्हणाले, आणि बांधावर फतकल मारून बसले. भाकरी, ठेचा, कांदा. चवीने जेवले. पाटात आलेल्या पाण्यात हात धुतले. मग उठून पहिले दार मोडले ते भिवराबाईचे. तिथून उलटे, वरच्या अंगाला, एकेक दार मोडत पुढचे दोन दिवस ते परत चढले. उखाजी पाटलाला पाणी मिळाले ते सर्वांत शेवटी.

शिष्याला हे सारे विपरीत वाटले. त्याने हिशेब मांडला. कोरडा पाट शेवटपर्यंत भिजवायचा म्हणजे किती पाणी मातीतच जिरले! त्यापेक्षा वरून सुरुवात करावी, शेते भिजवीत खाली यावे. आणि समान न्याय हवा तर घटिकापात्र आहेच: पाण्यावर तरंगणारी छिद्राची वाटी, भरून बुडाली की एक घटका. प्रत्येक शेताला सारख्या घटका. यात उपास कशाला?

“आबा, हे असं का करता?”

“रीत आहे.”

“पण कारण?”

“कारण मलाही कुणी सांगितलं नाही. मी चालत गेलो.”

शिष्य मनात म्हणाला, अडाणी. बारा वर्षे शिकलेल्या माणसाला हा शब्द मात्र चटकन सापडतो. त्याला धातू शोधावा लागत नाही.

माघ उजाडला. शेवटचे बारे दोन दिवसांवर आले आणि आबांना हिवताप भरला. घोंगडीखाली दात वाजत होते. त्यांनी शिष्याला जवळ बोलावले. तीन महिने तो प्रत्येक बाऱ्याला बरोबर चालला होता. दुसऱ्या कुणाला पाट एवढा ठाऊक नव्हता.

“नीट ऐक. हे शेवटचं पाणी. ओंबीत चीक भरतोय. आत्ता पाणी मिळालं तर दाणा, नाही मिळालं तर फोलपट. बंधाऱ्यात एका बाऱ्यापुरतंच उरलंय, वर थेंब नाही. तोंडाबरोबर शेवटपर्यंत चाल. वाटेत कुणाचं काही घेऊ नकोस. भिवराबाईच्या बांधावर जेव, मग पहिलं दार मोड. समजलं?”

“हो, आबा.”

तोंडाने हो म्हणाला आणि मनाने नाही म्हणाला. शिकलेल्या माणसाला ही विद्या फार छान साधते.

सकाळी त्याने पाणी सोडले आणि पहिल्याच शेताशी थांबला. घटिकापात्र मांडले, उखाजी पाटलाचे दार मोडले. पाटलाचे डोळे मोठे झाले.

“वा, शास्त्रीबुवा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी अक्कल वापरली. या, बसा. भाकरी गरम आहे.”

बांधावर मटकीची उसळ आली, ताजे लोणी आले. वाटी बुडायला वेळ होता, पाणी शेतात चालले होते, मग उपाशी बसून कोणते पुण्य लागणार होते? शिष्य पोटभर जेवला. वाटी बुडाली. तो उठला.

“बुडाली खरी,” पाटील हात चोळत म्हणाला, “पण तो कोपरा बघा, बुवा. तिथं पोचलंच नाही. एवढ्याशासाठी काय होतंय?”

कोपरा खरेच कोरडा होता. आणि जेवलेल्या घरी नाही म्हणणे कठीण असते. त्याने आणखी थोडे जाऊ दिले.

दुसऱ्या शेतात गूळ-शेंगदाणे, आणि एक उंचवटा. तिसऱ्यात उसाचा रस, आणि पडवळाचा एक वेल. कुणी फसवले नाही, कुणी चोरले नाही, हे ध्यानात घ्या. प्रत्येकाने हात जोडून थोडेसेच मागितले, आणि प्रत्येकाची मागणी समोर उभी होती, डोळ्यांना दिसत होती. न दिसणारी एकच होती, ती दीड कोस दूर.

वाटी मात्र प्रामाणिकपणे बुडत राहिली.

तिसऱ्या दिवशी विसावे शेत संपवून त्याने पाणी खाली सोडले. पाण्याचे तोंड निघाले. पण त्याच्या मागे आता जोर नव्हता. कोरड्या पाटाने ते चाटायला सुरुवात केली. शिष्य बरोबर चालू लागला, या बाऱ्यात पहिल्यांदाच त्या चालीने. तोंड सरकले, थबकले, एका काटकीला वळसा घालून वीतभर पुढे गेले. भिवराबाईच्या बांधापासून चाळीस पावलांवर ते थांबले. काडीकचऱ्याची एक बारीक रेघ मागे ठेवून त्याच्या डोळ्यांदेखत मातीत गेले.

तो धावत बंधाऱ्याशी गेला. तळाला चिखल होता. बेडूक होते.

परत आला तेव्हा भिवराबाई तिच्या बांधावर बसली होती. शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी. तीन दिवस तिने रोज नवी भाजली होती.

“शास्त्रीबुवा,” ती म्हणाली, “तुमचं पाणी दमलं वाटतं.”

त्याने फावडे खाली ठेवले.

“जेवलात का?”

“जेवलो.”

“दिसतंच आहे,” ती म्हणाली, आणि भाकरी उचलून घराकडे चालू लागली.

शिष्य आबांकडे आला. ताप उतरला होता. म्हातारा भिंतीला टेकून पेज पीत होता. शिष्याने सारे सांगितले. काही लपवले नाही, हे त्याचे एक बरे. शेवटी म्हणाला, “पण आबा, मी सर्वांना सारख्याच घटका द्यायला निघालो होतो. थोडंथोडं जास्त गेलं हे खरं. तरी एवढं कसं कमी पडलं?”

आबांनी पेजेची वाटी खाली ठेवली.

“पाट काय पितो, ते तू पहिल्याच दिवशी मोजलंस. हुशार आहेस. पण ते कुणाच्या वाट्यातून पितो, ते मोजलं नाहीस. मी पाणी आधी शेवटपर्यंत नेतो, तेव्हा पाटाची तहान एकवीस जणांच्या वाट्यातून भागते. तू वरून वाटत आलास आणि पाटाची सगळी तहान शेवटच्या बाईच्या माथी मारलीस. तुझी वाटी खोटं बोलली नाही, बाळा. वाटीला फक्त वेळ कळतो.

“आणि जेवणाचं विचारशील, तर ऐक. भरल्या पोटाला समोरचा कोपरा दिसतो, दूरचा बांध दिसत नाही. मी काही साधू नाही. मलाही ताक आवडतं. पण माझी भाकरी शेवटच्या बांधावर असली, म्हणजे माझे पाय तिथं गेल्याशिवाय राहत नाहीत. आमच्या जुन्या माणसांनी पाटकऱ्याच्या चांगुलपणावर भरवसा ठेवला नाही. त्याच्या भुकेवर ठेवला.

“तू तुझ्या शब्दाचा अर्थ ओतणं सांगितलास ना? बरोबर आहे तो. पाऊस पडतो, नदी वाहते. ती कुणाला विचारत नाहीत. पाणी आपण होऊन उखाजीकडे जाईलच, त्याला पाटकरी कशाला हवा? जिथं ते आपण होऊन जात नाही, तिथं माणसानं हातानं नेऊन ओतावं लागतं. तेवढंच सिंचन. बाकीचा नुसता उतार.”

शिष्याने विचारले,

“मला आधी का नाही सांगितलंत?”

म्हातारा म्हणाला, “ते माझं चुकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, चालता चालता कळलं. म्हणून तुलाही तसंच कळेल असं धरून बसलो. त्यात थोडा माजही होता. रीत दिली आणि कारण आपल्याजवळ ठेवलं, म्हणजे शेंगेची टरफलं दिली आणि दाणे आपण खाल्ले. तुझ्या चुकीत माझी एवढी भागी आहे. पण फावडं तुझ्या हातात होतं.”

“आता काय करू?”

“हात आहेत ना अजून?”

नदीच्या वाळूत हात-दीड हात उकरले की माघातही पाणी पाझरते. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. शिष्याने भिवराबाईच्या शेताखालच्या वाळूत झिरा खणला. करवंटीने घागर भरायची, खांद्यावर घ्यायची, काठ चढायचा, वाफ्यात ओतायची, पुन्हा उतरायचे. झिरा आटला की बसून वाट पाहायची. पहिल्या दिवशी त्याने एक वाफा भिजवला. खांद्याची कातडी गेली. दुसऱ्या दिवशी फडके गुंडाळून दीड भिजवला.

भिवराबाई बघत होती. तिसऱ्या दिवशी काठावरून ओरडली, “अरे, उभ्या ओंबीवर नको फेकू, लोळेल ती! वाफ्याच्या तोंडाशी ओत, हळू!” तो हळू ओतू लागला. थोड्या वेळाने ती दुसरी घागर घेऊन खाली उतरली. तिची आंधळी नणंद झिऱ्याशी येऊन बसली. पाण्याच्या आवाजावरून तिला घागर भरली ते बरोबर कळे.

चौथ्या दिवशी उखाजी पाटील आला. तोंड उतरलेले.

“बुवा, माझ्या त्या कोपऱ्यात पाणी साचलंय. गहू पिवळा पडतोय. तेवढं पाणी काढून इकडं आणता आलं असतं तर...”

“नाही येत, पाटील,” शिष्य घागर न उतरवता म्हणाला. “मी विचार करून बघितला. दिलेलं पाणी पुन्हा पाटात चढत नाही.”

पाटील जरा घुटमळला. मग धोतराचा सोगा खोचला. “घागर आहे का एखादी?”

“आपल्या घरची आणा,” भिवराबाई म्हणाली. “इथं मानपान नाही.”

पाटलाने घागर आणली, आणि दोन गडीही आणले. तरी झिरा तो झिराच. माणसे वाढली म्हणून वाळू जास्त पाझरत नाही. आठ दिवस ते चालले. मग ऊन तापले, चीक सुकायचा तो सुकला, आणि ओतण्यात अर्थ उरला नाही. तोवर तीस वाफ्यांपैकी आठ भिजले होते.

त्या दिवसांत पाठशाळेतून निरोप आला होता, की पान तयार झाले असेल तर पाठवावे. शिष्याने उलट निरोप धाडला: अर्थ कळला आहे, लिहायला हात रिकामा नाही.

गहू पिकला. भिवराबाईने कापणीला त्याला बोलावले. आठ वाफ्यांत ओंब्या जड होऊन वाकल्या होत्या. उरलेल्या बावीस वाफ्यांत त्या ताठ उभ्या होत्या. रिकाम्या ओंब्या नेहमीच ताठ असतात. तिने एक ओंबी इकडची खुडली, एक तिकडची, आणि दोन्ही त्याच्या तळहातावर चोळल्या. एकीतून दाणे निघाले. दुसरीतून भुसा निघाला आणि वाऱ्यावर गेला.

“यंदा आम्ही दोघी अर्ध्या पोटी राहू, किंवा माहेरी हात पसरू,” ती म्हणाली. “रडून सांगत नाही, नुसतं सांगतेय. हे आठ वाफे तू जगवलेस, पोरा. ते बावीस तू मारलेस. लोक तुला आठांबद्दल शाबासकी देतील, बावीस विसरायला सांगतील. तू दोन्ही ध्यानात ठेव.”

“ठेवतो, भिवरामावशी,” तो म्हणाला.

वाद घातला नाही, क्षमा मागितली नाही. विळा उचलला आणि बावीस वाफ्यांच्या बाजूने कापायला बसला, कारण जनावरांना तेवढा चारा तरी व्हायला हवा होता.

ज्याच्या हाती वाटप आहे त्याने आपले पान शेवटच्या पंगतीत मांडावे. मग समोरच्याइतकाच दूरचाही बघावा, हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही.